विमानतळ जवळ आले, बाजार जवळ आला का?

(तळेरे, ता. कणकवली येथे आंबा, काजू व नारळ बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंब्याचा मोहोर, काजूवरील ढेकण्या, नारळावरील गेंड्या भुंगा हे आपल्या भेटीतले नेहमीचे विषय. आज मात्र थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या आसपासची शहरे, त्यांचा पैसा कोठून येतो, आणि त्या शहरांना जोडणाऱ्या विमानतळांचा आपल्या बागेशी काय संबंध, याबद्दल आज बोलू.

विषय निवडण्याचे कारण उघड आहे. गेल्या काही वर्षांत तळेऱ्यापासून गाडीने दोन-तीन तासांच्या टप्प्यात चिपी, मोपा आणि कोल्हापूर अशी तीन विमानतळांची सोय झाली. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी येते : ‘आता हापूस सकाळी झाडावर आणि संध्याकाळी दिल्लीच्या बाजारात.’ या वाक्यावर भरवसा ठेवून कोणी शीतगृहासाठी कर्ज काढण्याचा विचार करतो, तर कोणी ‘विमानतळामुळे भाव आला आहे’ म्हणून वडिलार्जित जमीन विकायला काढतो. दोन्ही निर्णय मोठे आहेत आणि एकदा घेतले की मागे फिरता येत नाही. म्हणून ते घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा.

वाट बदलली की बाजार हलतो

आपण ज्या नाक्यावर जमलो आहोत तो नाका म्हणजे या विषयाचा उत्तम धडा आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो. पूर्वेला वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर, पश्चिमेला विजयदुर्ग. रस्ते एकत्र आले म्हणून तळेऱ्याला बाजारपेठ आली.

जवळचे खारेपाटण पाहा. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ मधील शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट त्या गावाच्या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. वाघोटण खाडीतून गलबते आत येत, तेव्हा ते भरभराटीचे ठाणे होते. खाडीची वाट मागे पडली आणि रस्त्याची वाट पुढे आली, तसा व्यापारही सरकला. वेंगुर्ल्याचेही तसेच झाले. घाटावरच्या बेळगाव भागाचा माल आंबोली घाटाने वेंगुर्ले बंदरात उतरत असे. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाला जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा तो व्यापार ओसरला. पुढे किनाऱ्याने मुंबईला जाणाऱ्या बोटी आल्या आणि बंदही झाल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली.

या साऱ्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, वाहतुकीची वाट बदलली की बाजार हलतो, हे खरे. दोन, वाट आपल्या गावावरून गेली म्हणजे आपला माल त्या वाटेने जाईलच असे नाही. कोकण रेल्वे आपल्या दाराशी आली, तरी आपला बहुतेक आंबा आजही ट्रक आणि टेम्पोनेच मुंबईला जातो. रेल्वे माणसांसाठी सोयीची ठरली. मालाला मात्र बागेतून उचलून अडत्याच्या गाळ्यापर्यंत नेणारी गाडी लागते. विमानाचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

कोल्हापूर : घाटावरचा शेजारी

आपल्याला सर्वांत जवळचे मोठे शहर म्हणजे कोल्हापूर. ते कशावर उभे आहे ते पाहू. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि तेथे गुळाचा व्यापार वाढला. पुढे साखर कारखाने निघाले. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपल्या तोंडी असलेला ‘गोकुळ’, स्थापन झाला. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे ओतकाम आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आले. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीची चांदी त्याच जिल्ह्यातली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता विमानाचे पाहा. कोल्हापूरजवळ उजळाईवाडी येथे विमानतळ १९३९ मध्येच झाला, राजाराम महाराजांच्या काळात. परंतु नियमित प्रवासी सेवा अनेकदा सुरू झाली आणि थांबली. २०१८ पूर्वीची कित्येक वर्षे तेथे नियमित विमान नव्हते. त्यामुळे गुळाचा सौदा थांबला नाही की दुधाचे संकलनही थांबले नाही. २०१८ नंतर केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सेवा पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. थोडक्यात, शहर आधी कमावते झाले आणि विमान नंतर टिकू लागले.

आपल्या दृष्टीने कोल्हापूर म्हणजे खाणारे शहर. पैसा खेळतो, मासळीची आवड आहे, आणि नारळ, आमसूल, काजू, आंबा तेथे पिकत नाही किंवा पुरेसा पिकत नाही. उलट दूध, भाजीपाला आणि गूळ तेथून आपल्याकडे येतो. ही देवाणघेवाण घाटाने होते. म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा त्याची झळ या नाक्यावरच्या प्रत्येक दुकानाला बसली. गाड्या भुईबावडा आणि फोंडा घाटाकडे वळल्या, अंतर वाढले, भाडे वाढले. चिपीचे एखादे विमान रद्द झाले तर आपल्या बागेला ते कळतही नाही. घाट बंद झाला तर त्याच आठवड्यात कळते. मालाची खरी वाट कोणती, याचे उत्तर यातच आहे.

मुंबई आणि गोवा

मुंबईबद्दल आपल्याला नव्याने सांगायला नको. आपली निम्मी माणसे तेथे आणि आपला बहुतेक हापूस वाशीच्या बाजारात. मुंबई हे मोठ्या प्रमाणावर उचल करणारे शहर आहे, परंतु तेथे भाव आपल्या हातात नसतो. पेटी गेल्यावर पट्टी येते, तेव्हा भाव कळतो. हंगामाच्या सुरुवातीला चढा आणि एप्रिलअखेरीस आवक वाढली की उतरता, हा क्रम ठरलेला.

गोव्याची अर्थव्यवस्था वेगळ्या धर्तीची आहे. पूर्वी खाणी आणि आता मुख्यतः पर्यटन. तेथील हॉटेलांना रोज, ठरल्या वेळी, एकसारख्या प्रतीचा माल लागतो. गोवा भाजीपाला आणि दुधासाठी फार मोठ्या प्रमाणावर बेळगाव भागावर अवलंबून आहे. बेळगावची गाडी चोर्ला घाटाने रोज पहाटे गोव्यात उतरते. आपला सावंतवाडी-दोडामार्ग भाग तर गोव्याला लागूनच आहे. तरी तेथील स्वयंपाकघरात आपली भाजी क्वचित पोचते, कारण रोज ठरावीक वजन देण्याची हमी एकेकटा शेतकरी देऊ शकत नाही. दहाजणांनी मिळून वार वाटून घेतले तर देता येते.

तीन शहरे, तीन गरजा. कोल्हापूरला मासळी, नारळ, आमसूल आणि काजू. मुंबईला भरपूर हापूस. गोव्याला रोजचा ताजा, निवडलेला माल. यातली कोणतीही गरज आज प्रामुख्याने विमानाने भागत नाही.

तीन विमानतळांची कहाणी

सिंधुदुर्ग विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात परुळे-चिपी येथे आहे. उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. धावपट्टी सुमारे २,५०० मीटर लांबीची आहे. पहिली मुंबई सेवा ‘उडान’ योजनेतून सुरू झाली. ही योजना समजून घेण्यासारखी आहे. लहान गावच्या मार्गावर प्रवासी कमी मिळतात, म्हणून काही आसनांचे भाडे सरकार मर्यादित ठेवते आणि विमान कंपनीला होणारी तूट ठरावीक मुदतीपर्यंत भरून देते. ही मुदत साधारण तीन वर्षांची. देशात या योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. चिपीची ती पहिली मुंबई सेवा तीन वर्षांची मुदत संपताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. दरम्यान २०२४ मध्येच दुसऱ्या कंपनीने हैदराबाद, बंगळूर, पुणे अशा सेवा चिपीहून सुरू केल्या. म्हणजे मार्ग आणि वेळापत्रके बदलत राहतात. शेतकऱ्याने यावरून काय समजावे? अनुदानावर उभी असलेली सेवा अनुदानाच्या मुदतीइतकीच पक्की धरावी. काजूचे कलम लावल्यावर तीस-चाळीस वर्षे उत्पन्न द्यायचे आहे. त्याचा हिशेब तीन वर्षांच्या वेळापत्रकावर बांधता येत नाही.

गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. तो पेडणे तालुक्यात, आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. तेथे मोठी विमाने उतरतात, परदेशी सेवाही आहेत आणि मालवाहतुकीचा स्वतंत्र विभाग आहे. विमानाने माल पाठवण्याची शक्यता आपल्या भागात कोठे असेल, तर ती आधी मोप्याला आहे. चिपीपेक्षा मोप्याचे आकर्षण प्रवाशांनाही जास्त वाटते, हीच चिपीची अडचण आहे. जेथे विमाने जास्त, तेथे भाडे कमी आणि वेळा सोयीच्या. म्हणून प्रवासी तिकडे जातो. प्रवासी गेला की येथली फेरी परवडत नाही.

विमानात माल किती मावतो?

चिपीसारख्या ठिकाणी बहुधा पंख्याचे सत्तर आसनी विमान येते. असे विमान प्रवासी, त्यांचे सामान आणि इतर माल मिळून साधारण साडेसात टन वजन उचलते. आता हिशेब करू. सत्तर प्रवासी, सरासरी ७५ किलोचे धरले तर ५,२५० किलो. प्रत्येकाचे १५ किलो सामान म्हणजे १,०५० किलो. एकूण ६,३०० किलो. उरले सुमारे १,२०० किलो. उन्हाळ्यात हवा तापलेली असली, किंवा जास्त इंधन घ्यावे लागले, तर तेही कमी होते. म्हणजे भरलेल्या विमानात आपल्या वाट्याला फार तर एका पिकअप गाडीइतकी जागा येते. हंगामात या एका नाक्यावरून एका रात्रीत किती गाड्या भरून जातात ते आपण जाणताच.

आता भाड्याचा हिशेब. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर त्या दिवशी विचारून घालावेत. पाच डझनी पेटी घ्या. २५० ग्रॅमचे फळ धरले तर १५ किलो फळ, पेटीसह १७ किलो. ट्रकचे भाडे किलोला ८ रुपये धरले तर १३६ रुपये. विमानाचा सर्व खर्च मिळून किलोला ५० रुपये धरला तर ८५० रुपये. जादा खर्च ७१४ रुपये. पेटी ३,००० रुपयांना गेली असे समजले, तर जादा भाडे किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा झाले. आता ओले काजूगर घ्या. किलोला १,५०० रुपये भाव धरला तर जादा ४२ रुपये म्हणजे शेकडा तीनपेक्षा कमी. आणि नारळ? किलोला ५०-६० रुपये मोलाच्या मालाला ५० रुपये विमानभाडे देणे म्हणजे माल फुकट देणे.

माझा ढोबळ ठोकताळा असा : मालाची किलोची किंमत विमानभाड्याच्या वीसपट असेल तर विचार करावा, दहापट असेल तर दोनदा विचार करावा, त्याहून कमी असेल तर ट्रकच बरा.

वेळ कोणत्या मालाला हवी?

विमानात आपण वेळ विकत घेतो. मग ती वेळ कोणत्या मालाला लागते ते पाहू. हापूस आपण साधारण ८५ टक्के तयार असताना झेल्याने, देठासह काढतो. आढीत घातल्यावर तो पिकायला आठ-दहा दिवस घेतो. संध्याकाळी भरलेला ट्रक सकाळी वाशीला पोचतो. विमानाने पाठवायचे तर बागेतून विमानतळ, तेथील तपासणी, पुन्हा मुंबईच्या विमानतळावरून वाशी. वाचले तर काही तास वाचतील. ज्या फळाला पिकायलाच आठवडा लागतो, त्याला काही तासांसाठी पाचपट-सहापट भाडे देण्यात अर्थ नाही. आंब्याचे नुकसान रस्त्यावर जेवढे होते, त्याहून अधिक काढणीत होते. उन्हात काढलेले फळ, चीक अंगावर ओघळलेले फळ, देठ तुटलेले फळ विमानाने गेले तरी काळे पडायचे राहत नाही. साक्याचे फळ दिल्लीला पोचले तरी साक्याचेच.

याउलट ओले काजूगर, सोनचाफ्याची फुले, कांदळवनातील जिवंत खेकडा, शेवंडीसारखी उंची मासळी हा माल काही तासांत उतरतो. तो वजनाने हलका आणि मोलाने भारी आहे. विमानाचा विचार करायचा तो अशा मालासाठी. तेथेही आधी बर्फ, थंड पेटी, ठरलेला ग्राहक आणि रोजचे ठरलेले वजन हवे. केंद्र सरकारने ‘कृषी उडान’ योजना २०२० मध्ये आणि तिची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केली. तिच्यात निवडक विमानतळांवर मालाच्या विमानांना काही आकार माफ केले जातात. योजनेत मुख्य भर ईशान्येकडील, डोंगराळ आणि आदिवासी भागांवर आहे. योजनेचे नाव ऐकून माल भरू नये. आपल्या विमानतळावरून, आपल्या मालाला, त्या दिवशी काय दर पडतो ते लेखी घ्यावे.

परदेशी जाणारा हापूस

‘पण हापूस अमेरिकेला विमानानेच जातो ना?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. जातो, पण तो आपल्या जवळच्या विमानतळावरून सुटत नाही. कारण विमानापूर्वी प्रक्रिया लागते. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा प्रवेश दिला तो विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. सुरुवातीला हे काम लासलगावच्या केंद्रात होत असे. नंतर वाशी येथे पणन मंडळाची सुविधा झाली. युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया, ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटे. जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया. ही केंद्रे आणि परदेशी विमाने मुंबईकडे, म्हणून आंबा आधी ट्रकने मुंबईला जातो.

येथे एक गोष्ट मनावर घ्यावी. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला, तो फळमाशी सापडल्यामुळे. २०१५ च्या सुरुवातीला ती बंदी उठली. मे २०२५ मध्ये अमेरिकेत विमानाने पोचलेले आंब्याचे १५ लोट विकिरणाच्या कागदपत्रांतील त्रुटीवरून नाकारले गेले आणि ते नष्ट करावे लागले. दोन्ही वेळा विमान वेळेवर पोचले होते. अडले ते बागेतील माशीवर आणि कागदावरील नोंदीवर. म्हणून निर्यातीची इच्छा असेल त्याने आधी मँगोनेटवर बागेची नोंदणी करावी, गळलेली फळे रोज उचलून खड्ड्यात पुरावीत, शिफारशीप्रमाणे रक्षक सापळे लावावेत आणि फवारणीची वही ठेवावी.

दुसरीकडे जहाजाची वाट मोकळी होत आहे. आखाती देशांत आंबा पूर्वीपासून शीत कंटेनरने जातो. २०२२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने अमेरिकेलाही समुद्रमार्गे आंबा पाठवण्यात आला. विमानाच्या तुलनेत जहाजाचे भाडे फार कमी पडते. प्रवास तीन-चार आठवड्यांचा असल्याने काढणीची तयारी मात्र अधिक काटेकोर लागते.

केरळ आणि नाशिक काय सांगतात?

विमानाने शेतमाल जातच नाही असे नाही. केरळात कोची, कोळिकोड, तिरुवनंतपुरम येथून भाजीपाला आणि फळे रोज आखाती देशांत जातात. का? तेथे लाखो मल्याळी माणसे नोकरीला आहेत. त्यांच्यासाठी विमाने भरून ये-जा करतात, आणि त्याच विमानांच्या पोटातील रिकाम्या जागेत शेवग्याच्या शेंगा, केळी, पालेभाजी जाते. मागणी माणसांनी निर्माण केली आणि विमानाने ती पुरवली.

नाशिकचे उदाहरण उलट आहे. ओझरला मोठी धावपट्टी आहे, तरी नाशिकची द्राक्षे युरोपला मुख्यतः न्हावा-शेवा बंदरातून जहाजाने जातात. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही बागायतदारांच्या सहकारी संस्थांची संघटना उभी राहिली. बागेजवळ पूर्वशीतकरण, एकसारखी प्रतवारी आणि नंतर रासायनिक अंशाची तपासणी यांवर त्यांनी बाजार मिळवला. धावपट्टीने काम केले नाही, संघटनेने केले.

मग विमानतळाचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. विमान आपल्याकडे ग्राहक आणते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवगड, विजयदुर्ग पाहायला येणारा पाहुणा पैसे घेऊन येतो आणि परत जाताना रिकामी पिशवी नेत नाही. पुन्हा हिशेब करू. सत्तर प्रवाशांपैकी पस्तीसजणांनी प्रत्येकी हजार रुपयांचा आपला माल घेतला तर एका फेरीला ३५,००० रुपये. यात अडत नाही, तोलाई नाही, पट्टीची वाट पाहणे नाही, आणि भाव आपण सांगितलेला. महामार्गाने येणारे पाहुणे तर याच्या कित्येक पट. तेव्हा विमानाने माल पाठवण्यापेक्षा विमानाने आलेल्याला माल विकणे सोपे आहे. त्यासाठी पुढील तयारी करावी :

१) एक आणि दोन डझनाचे पुठ्ठ्याचे मजबूत खोके ठेवावे. त्यावर बागेचे नाव, काढणीची तारीख आणि ‘अमुक दिवसापर्यंत खाण्यायोग्य होईल’ असे लिहावे. शहरी पाहुण्याला आढी ठाऊक नसते.

२) कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोकम आणि वेंगुर्ला काजूलाही आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते चिन्ह खोक्यावर लावावे. परराज्यातील आंबा ‘देवगड’ म्हणून विकणाऱ्यावर तोच एक उपाय आहे.

३) आमसूल, काजूगर, आंबापोळी, फणसपोळी, कुळीथपीठ हा माल टिकाऊ, हलका आणि पिशवीत मावणारा. अन्न सुरक्षा नोंदणी करूनच विकावा.

४) सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत, कारण ते पेट घेऊ शकते. पाहुण्याला हे आधीच सांगावे. आगळ आणि सरबताच्या बाटल्यांची झाकणे पक्की सीलबंद असावीत आणि त्या मोठ्या सामानात ठेवायला सांगावे.

५) पाहुणा येथे राहतो तेव्हा त्याच्या ताटात काय असते? पुष्कळ वेळा घाटावरून आलेली भाजी. भातकाढणीनंतरच्या ओलाव्यावर वाल, चवळी, कुळीथ आणि पाण्याची सोय असेल तेथे लाल भाजी, मुळा, भेंडी, काकडी घेऊन गटाने हॉटेले आणि घरगुती खानावळी पकडाव्यात. आपल्या गावातच गोव्याचा बाजार तयार होईल.

६) चौपदरी रस्ता झाल्यावर गाड्या थांबेनाशा झाल्या आहेत. कणकवलीत तर त्या उड्डाणपुलावरून वरच्या वर निघून जातात. म्हणून सुट्या टपऱ्यांऐवजी गटाचे एकच विक्री केंद्र असावे, गाडी सुरक्षित उभी राहील एवढी जागा आणि स्वच्छ प्रसाधनगृह असावे. प्रवासी आधी त्यासाठी थांबतो, खरेदी नंतर करतो.

जमिनीविषयी दोन शब्द

विमानतळ, महामार्ग, बंदर यांचे नाव निघाले की जमिनीचे दलाल दारात येतात. जमीन आपली आहे आणि ती विकण्याचा अधिकारही आपला. मी फक्त हिशेबाची रीत सांगतो. हाती येणारी रक्कम बँकेत ठेवली तर वर्षाला व्याज किती, ते लिहा. त्याच्या शेजारी त्या जमिनीतून आज मिळणारे, आणि पुरी लागवड व निगा केल्यास दहा वर्षांनी मिळू शकणारे उत्पन्न लिहा. व्याज तेवढेच राहते, महागाई वाढते, आणि कलम मोठे होते. रक्कम सहहिस्सेदारांत वाटल्यावर आपल्या हाती काय उरते तेही लिहा. रस्त्याकडेची जमीन विकली तर मागच्या बागेत गाडी कोठून जाणार, हे नकाशावर पाहा. फळाची पेटी डोक्यावरून अर्धा मैल न्यावी लागली तर ती बाग असून नसल्यासारखी. गरजच असेल तर विक्रीपूर्वी काही वर्षांच्या भाडेकराराचा विचार करावा आणि करार वकिलाकडून वाचून घ्यावा. ‘विमानतळ येणार’, ‘माल विमानाने जाणार’ या शब्दांवर भाव ठरवू नये. भाव ठरवायचा तो पाणी, माती, वाट आणि झाडांवर.

शेवटी

ग्रामसभेत, बाजार समितीत, लोकप्रतिनिधींसमोर मागणी मांडताना क्रम कसा असावा, एवढे सांगून थांबतो. पहिली मागणी घाटरस्ता बारमाही सुरू ठेवण्याची, आणि काम काढायचे तर आंबा हंगाम सोडून काढण्याची. दुसरी बागेपासून महामार्गापर्यंतच्या पाणंद रस्त्याची. तिसरी या नाक्याच्या परिसरात प्रतवारी, पूर्वशीतकरण आणि लहान शीतगृहाची, जे कोल्हापूर, मुंबई, गोवा आणि विजयदुर्ग या चारही वाटांना उपयोगी पडेल. चौथी मागणी विमानतळावर आपल्या गटांना विक्रीसाठी एक गाळा मिळण्याची. विमानातील मालाच्या जागेची मागणी पाचवी. ही पाचवी मागणी सोडू नये, पण तिला पहिल्या जागी बसवू नये.

येत्या हंगामात प्रत्येकाने एक साधी वही करावी. कोणत्या शहराला किती माल गेला, किलोमागे भाडे किती, वाटेत खराब किती, हाती किती. तीन रकाने तीन शहरांचे आणि चौथा दारात आलेल्या ग्राहकाचा. पावसाळ्यापूर्वी चार रकान्यांची बेरीज केली की पुढच्या वर्षी कोणत्या दिशेला तोंड करायचे हे ती वहीच सांगेल. वही घेऊन यावे; आपण मिळून हिशेब तपासू.